सोमवारवर ढकललेली शिवण

मित्रांनो, कुठल्याही जोडीत एक बूट गप्प असतो आणि एक बोलका. माझ्या जोडीतला डावा आजवर एक शब्द बोललेला नाही. त्याला गरजच पडली नाही, कारण त्याचा तळ चारी बाजूंनी शिवलेला आहे. मी उजवा. तपकिरी चामड्याचा, जुना, आणि खरं सांगायचं तर जन्मापासून भित्रा. माझ्या भीतीचं कारण माझ्या तळाशी होतं आणि कितीतरी वर्षं ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

माझा जन्म नेआ माक्रीचा. मॅरेथॉन गावाहून अथेन्सला जाणाऱ्या रस्त्यावर दहाव्या किलोमीटरला, समुद्राकाठी हे आमचं गाव. तिथे अनेस्तिस नावाचा म्हातारा बूट शिवायचा. त्याचे आईवडील समुद्रापलीकडून निर्वासित होऊन आले तेव्हा त्यांच्या गाठोड्यात दोनच चांगल्या वस्तू होत्या. एक चामडं टोचायची आरी आणि पनागियाची, म्हणजे आमच्या देवमातेची, काळवंडलेली तसबीर. दोन्ही त्याच्या दुकानाच्या भिंतीवर शेजारी शेजारी टांगलेल्या असत. गिऱ्हाईक आलं की म्हातारा आधी त्याच्या हातातला बूट उलटा करी आणि मगच मान वर करून बघे. "तोंड काय, कुणीही चकचकीत ठेवतो," असं तो म्हणायचा. "खरं काय ते तळाला कळतं."

त्याचा थोरला मुलगा इओर्दानिस मॅरेथॉन धावणार होता. विकतच्या बुटांवर म्हाताऱ्याचा विश्वास नव्हता, म्हणून त्याने स्वतः पायाच्या मापाचं लाकडी कलबूत तासून आम्हा दोघांना घडवलं. वासराचं मऊ चामडं, आत जाड सुखतळा आणि ट्रकच्या टायरमधून कापून पातळ केलेला तळ. आधी सोल्यूशन लावून तळ चिकटवायचा आणि मग वरून मेणदोऱ्याने शिवायचा, अशी त्याची पद्धत होती. शर्यत रविवारी होती. शनिवारी दुपारी डावा शिवून झाला. मग मी त्याच्या मांडीवर आलो. टाचेकडून सुरुवात करून म्हातारा मधोमध पोचला आणि देवळात सायंप्रार्थनेची घंटा झाली.

शनिवारी ती घंटा झाली की आमच्याकडे रविवार लागतो आणि काम बंद होतं. त्यानंतर अनेस्तिसने जन्मात कधी आरी टोचली नव्हती. त्याने हातातला टाका पुरा केला, दोरा कापला, क्रूसाची खूण केली आणि माझा चवडा हाताने दाबून पाहिला.

"सोल्यूशन पक्कं बसलंय," तो म्हणाला. "उरलेली शिवण सोमवारी."

माझ्या तळाला एकोणीस टाके पडले होते. डाव्याला चाळीस. दुसऱ्या दिवशी इओर्दानिसने आम्हाला घालून अथेन्स गाठलं, तेही चार तासांच्या थोड्याच वर. ताजं सोल्यूशन होतं, ते टिकलं. पण त्या संबंध रस्त्यावर माझा जीव मुठीत होता. घरी आल्यावर आमचं केवढं कौतुक झालं! म्हाताऱ्याने आम्हाला दुकानाच्या फळीवर मांडलं. येणारा जाणारा आम्हाला हातात घ्यायचा, चामड्यावरून बोट फिरवायचा. उलटं करून मात्र कुणी पाहिलं नाही. सोमवार असाच वाहवा होण्यात गेला, मंगळवारी दुसरं काम आलं आणि त्याच हिवाळ्यात अनेस्तिस छातीच्या दुखण्याने गेला. आरी खिळ्याला टांगलेली राहिली. इओर्दानिस पुढे ऑस्ट्रेलियाला गेला, तोही आम्हाला न घेता.

धाकट्या प्रोद्रोमोसला सोल्यूशनच्या वासानेच डोकं चढायचं. त्याने चौकात टपरी टाकली. वर्तमानपत्रं, सिगरेटी, गोळ्या, शीतपेयं. बापाच्या दुकानाची झाली कोठी. आम्ही एका लाकडी खोक्यात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, तेलाच्या डब्यांवर पडून राहिलो. चोवीस वर्षं. त्या काळोखात दर उन्हाळ्याला माझ्या चवड्याखाली बारीकसं कुरकुर वाजायचं. सोल्यूशन सुकून त्याचा भुगा होत होता. आपल्याला पुन्हा कुणी घालणार नाही, एवढाच मला दिलासा होता.

एका ऑक्टोबरात खोक्याचं झाकण उघडलं. वर प्रोद्रोमोसचं तोंड होतं. पन्नाशीचं, गोल, आणि दाढी वाढलेलं.

"अरे प्रोद्रोमोस, काय उचकतोयस?" दारातून त्याची बायको सिमेला म्हणाली. "तेलाचा डबा इथे पुढ्यातच आहे की!"

"तेल नकोय. इओर्दानिसचे बूट हवेत."

"का? भंगारवाला आलाय?"

तो मला हातात धरून पोत्यावर बसला. मग म्हणाला, "सिमेला, मी नवस बोललोय."

त्यांच्या मुलीला, एवान्थियाला, दिवस भरायच्या दोन महिने आधीच मुलगी झाली होती. जावई बोटीवर, दूर कुठल्या समुद्रात. एवान्थिया आईवडिलांकडेच राहत होती आणि बाळ अथेन्सच्या मुलांच्या इस्पितळात काचेच्या पेटीत होतं. एका गुरुवारी डॉक्टर म्हणाले होते की आजचा दिवस निभावला तर पुढचं बघू. त्या वेळी प्रोद्रोमोस इस्पितळाच्या बोळात पनागियाच्या तसबिरीपुढे उभा राहिला आणि बोलून गेला, की पोरीला घरी आण, मी येत्या शर्यतीत मॅरेथॉनपासून अथेन्सपर्यंत माझ्या पायांनी धावत येईन. बाळाने तो दिवस निभावला. मग दुसरा, तिसरा. आणि आज सकाळीच ते घरी आलं होतं.

सिमेलाने कपाळावर हात मारला. "माणसं मेणबत्ती बोलतात! आपल्या उंचीची मेणबत्ती, फार तर तेलाचा डबा. तुझ्या जिभेला नेमका बेचाळीस किलोमीटरचा रस्ता सापडला? टपरीतून उठून समोरच्या नळापर्यंत जातोस तर छातीतून शिट्टी वाजते तुझ्या!"

"तिथे उभं असताना मेणबत्ती फार छोटी वाटली गं."

"मग पुढच्या वर्षी धाव. वर्षभर तयारी कर."

"येत्या शर्यतीत, असं म्हणालो मी. तोंडातून गेलं ते गेलं."

सिमेलाने तीनदा क्रूसाची खूण केली. तिचा आवाज एकदम खाली आला. "मग आता कमी करता येत नाही. आणि नाही जमलं तर?"

 प्रोद्रोमोसची बोटं माझ्या चामड्यात रुतली. ती गार पडली होती. जिने पोर दिली ती परतही नेऊ शकते, हे दोघांच्याही मनात आलं होतं, आणि दोघांनीही ते तोंडातून बाहेर पडू दिलं नाही.

"एवान्थियाला कळता कामा नये," तो शेवटी म्हणाला. "ओली बाळंतीण आहे. धसका घेईल."

"आणि हे खोकड बूट कशाला? नवीन आण."

"हे एकदा पोचलेत, सिमेला. हे वाट ओळखतात."

मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडावंसं वाटलं. अरे, तू अनेस्तिसचा मुलगा ना? मला उलटा कर! पण त्याने ऑलिव्हचं तेल लावून माझं तोंडच चमकवलं, नव्या नाड्या ओवल्या आणि आम्हाला दोन मोज्यांवर चढवलं, कारण भावापेक्षा त्याचा पाय एका नंबराने लहान होता. शर्यतीला तेवीस दिवस उरले होते.

पहिल्या दिवशी तो किनाऱ्याच्या रस्त्याने निघाला आणि बंदरापर्यंत पोचायच्या आतच बाकावर बसला. तिथे कोस्मास कोळी जाळं शिवत होता. दोघे रोज संध्याकाळी कॉफीच्या दुकानात पत्ते कुटायचे.

"काय रे, बस चुकली का?" कोस्मासने विचारलं. "पुढची वीस मिनिटांनी आहे. बस निवांत."

"पोट... कमी... करतोय," प्रोद्रोमोसला धाप लागली होती.

"पण पोट तुझ्या चार पावलं पुढे पळतंय की! शर्यत तेच मारणार बघ."

पुढे रोजच टिंगल होऊ लागली. पण टिंगलीपेक्षा प्रोद्रोमोसला आकड्यांनी घाबरवलं. तेवीस दिवसांतले दोन पावसात गेले, नऊ गुडघ्याने खाल्ले, एक दिवस टपरीवर माल यायचा होता. धावण्याचे भरले अकरा. सगळ्यांत लांब गेला तो नऊ किलोमीटर, आणि तेही परतताना चालत. घरी आल्यावर तो आम्हाला काढायचा आणि आतल्या खोलीच्या दाराशी उभा राहून झोपलेल्या बाळाचा श्वास ऐकायचा. बाळ शिंकलं तरी त्याचा चेहरा पांढरा पडे. मी पायातून त्याचं काळीज ओळखायचो. बुटाला ते कळतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, तो आम्हाला घेऊन कोठीत आला. त्याने मला हातात घेऊन वाकवलं. चवड्याखाली कट्ट असा आवाज झाला. त्याचे हात थांबले. त्याने भुवया उंचावल्या आणि मला उलटा करायला सुरुवात केली. वर खिळ्याला बापाची आरी टांगलेली होती, हात लांबवला तर पोचेल एवढ्यावर. मला वाटलं, सुटलो!

तेवढ्यात घंटा झाली.

"चल, उशीर होतोय," सिमेलाने बाहेरून हाक मारली. "मेणबत्ती लावून येऊ. निदान तेवढं तरी वेळेवर करू."

त्याने क्रूसाची खूण केली आणि मला होता तसा सुलटा खाली ठेवला.

रविवारी पहाटे तो बसने मॅरेथॉनला गेला, तेव्हा घरात सगळे झोपलेले होते. फोन त्याने घरीच ठेवला, खिशात ओझं नको म्हणून. नऊ वाजता शर्यत सुटली. हजारो नवे बूट आमच्या बाजूने पुढे निघून गेले. सगळ्यांत मागे होती एक पांढरी बस. जो थांबेल त्याला उचलायचं हे तिचं काम. संध्याकाळी पाच वाजता अथेन्सच्या संगमरवरी स्टेडियमचं दार बंद होणार होतं. पाचच्या आत पोचलेलाच पोचला म्हणायचा. प्रोद्रोमोस थोडं धावायचा, थोडं चालायचा आणि वळून बस बघायचा.

दहाव्या किलोमीटरला आमचं गाव आलं. कोस्मास गुडघाभर रबरी बूट घालून रस्त्यावर उभा होता. शेजारी त्याची बायको प्रत्येक धावणाऱ्याला शुभशकुनाची ऑलिव्हची डहाळी देत होती.

"प्रोद्रोमोस! बस येतेय बघ मागून! खिडकीची जागा धरू का?"

प्रोद्रोमोस हसला नाही. तो गर्दीत कुणालातरी शोधत होता. "सिमेला कुठाय? इथे उभी राहणार होती ना?"

"अरे, ती तर सकाळीच गेली. सातच्या सुमाराला. लेक आणि बाळ घेऊन टॅक्सीने. मला वाटलं, तुलाच बघायला अथेन्सला निघाल्या."

माझ्यातला पाय जागच्या जागी थिजला. नोव्हेंबरच्या गारठ्यात तान्ह्या बाळाला घेऊन शर्यत बघायला कोण जातं? कोस्मासला त्याचा चेहरा दिसला असावा, कारण त्याचं हसू मावळलं. तो आमच्याबरोबर चार पावलं धावला.

"काय झालंय रे? कशासाठी चाललंय हे सगळं?"

"विचारू नकोस, कोस्मास."

कोस्मासने बायकोच्या हातातली एक डहाळी घेतली, खाली वाकला आणि ती माझ्या नाड्यांत खोचली. "जा मग. पण मरू नकोस. संध्याकाळी पत्ते कुणाशी खेळू मी?"

तिथून पुढे आमचं धावणं म्हणजे नुसती भीतीच होती. थांबून कुणाचा फोन मागावा, तर समोरून काय ऐकू येईल याची भीती. थांबावं, तर नवस मोडायची भीती. प्रोद्रोमोस पनागियाशी पुटपुटत होता, "मी चाललोय गं बाई. बघ, चाललोय. तू तिला हात लावू नकोस." राफिनाचं वळण गेलं आणि चढ लागला. तो चढ संपतच नाही. माणसाला वाटतं, त्या वळणानंतर संपेल, आणि वळणापलीकडे तो पुन्हा असतोच. प्रोद्रोमोसच्या अंगठ्याचं नख माझ्या पुढच्या भिंतीवर आपटून काळंनिळं झालं. मोजा ओला झाला. तो घाम नव्हता.

पाल्लिनी गावाच्या अलीकडे माझं सोल्यूशन सुटलं.

आधी टोकाला वारा शिरला. मग तळ लोंबायला लागला आणि प्रत्येक पावलाला फटफट वाजू लागला. मी एकोणीस टाक्यांनी त्याला जीव खाऊन धरून होतो, पण ते टाचेकडचे. चवडा मोकळा होता. शंभरेक पावलांत तळ दुमडला आणि प्रोद्रोमोस तोंडावर पडला.

वाटेवर पाणी देणारी एक मुलगी धावत आली. "काका, लागलं का? बसा आता. बस येतेच आहे."

"बस नको. किती वाजले?"

"पावणेदोन. काका, हा बूट गेलाय हो!"

त्याने तेव्हा मला उलटा केला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. त्याने टाके पाहिले, आणि जिथे ते संपत होते तिथे अंगठा टेकवला. बापाचा दोरा होता, बापाची गाठ होती. त्याला सगळं समजलं. "शनिवार," तो एवढंच म्हणाला. माझी लाजेने मान खाली गेली असती, पण बुटाला मान नसते.

मुलीने जखमेची चिकटपट्टी माझ्याभोवती गुंडाळली, सात आठ वेढे. त्यावर आम्ही चढ संपवला आणि उताराने शहरात शिरलो. शहराच्या वेशीत पट्टी झिजली आणि चवड्याखालचा तळ तुटून मागेच कुठेतरी रस्त्यात पडला. उरला तो सुखतळा, आणि पुढे तोही फाटला. प्रोद्रोमोसचा चवडा उघड्या डांबरावर पडू लागला. चार वाजत आले होते. पाच किलोमीटर उरले होते. जमलं असतं, मित्रांनो. फरफटत का होईना, पण जमलं असतं.

मुलांच्या इस्पितळाकडे जाणारा रस्ता डावीकडे फुटतो, त्या कोपऱ्यावर एवान्थिया उभी होती. घरातल्या सपाता, वर आईचा कोट.

प्रोद्रोमोसने तिला पाहिलं आणि तो थेट तिच्यापुढे येऊन थांबला.

"आहे ना ती?" त्याने विचारलं. "एवान्थिया, आहे ना?"

"आहे. ताप भरलाय खूप. पहाटे तू गेल्यावर चढला. पुन्हा पेटीत ठेवलंय, तपासण्या चालल्यात." तिने नाक पुसलं. "आईने आत्ता सांगितलं मला, नवसाचं. बाबा, चल आत."

"पाचच किलोमीटर राहिलेत गं. मी इथे थांबलो तर..." 

"तर काय? ती घेऊन जाईल पोरीला? तुझी वेळ चुकली म्हणून?"

"तसं बोलू नकोस!"

"बोलणार! सकाळपासून एकटी त्या काचेपाशी उभी आहे मी. आई बसते आणि रडते. नवरा समुद्रात. बाबा, मला तू तिथे हवायस. देवमातेला जाब द्यायचा असला तर मी देईन, मीही आई आहे. तिला म्हणावं, माझ्याकडे ये."

मी दोघांच्या मधे, रस्त्यावर होतो. प्रोद्रोमोसने स्टेडियमच्या दिशेला पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. माझ्या आतला पाय एकदा पुढे वळला, एकदा डावीकडे. असा किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग तो फुटपाथच्या कडेला बसला, नाडी सोडली, मला काढलं आणि माझं टोक स्टेडियमच्या दिशेला करून मला तिथेच ठेवलं.

"जेवढं जमलं तेवढं हे," तो वर कुठेतरी बघून म्हणाला. आणि लेकीच्या खांद्याला धरून, एका पायात डावा आणि दुसऱ्यात रक्ताळलेला मोजा, असा लंगडत आत गेला.

मी एकटा राहिलो. पांढरी बस समोरून गेली. आत दमलेली माणसं काचेला डोकी टेकून बसली होती. मग झाडूवाले आले, ग्लास आणि केळ्यांची सालं गोळा करत. झाडू जवळ येत चालला तसा मी शहारलो. डहाळी नाड्यांत तशीच होती. आपला शेवट कचऱ्यात, हे मी मनाशी ठरवून टाकलं.

पण झाडू पोचायच्या आधी माझ्यापाशी दोन काळे सपाट बूट येऊन थांबले. देवळात घालायचे, चांगल्यातले. वाकून सिमेलाने मला उचललं.

"हा ठेवला होय इथे," ती स्वतःशीच म्हणाली. "आत जाऊन भिंतीला डोकं आपटतोय, म्हणे माझ्यामुळे जाणार पोर." तिने मला काखेत मारलं, पदर खोचावा तसा झग्याचा घेर खोचला आणि चालू लागली.

मित्रांनो, प्रोद्रोमोसने निदान अकरा दिवस तयारी केली होती. या बाईने अकरा पावलंही केली नव्हती. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. तरी ती चालत होती, उतार आला की पळत होती, दिव्याच्या खांबाला धरून दम घेत होती, पुन्हा निघत होती. रस्ता गाड्यांना मोकळा झाला होता. मागून भोंगे वाजत होते. तिच्या काखेत तिच्या काळजाचे ठोके मला ऐकू येत होते आणि वाटत होतं, आता ही पडते. एका देवळावरून गेलो तेव्हा तिथे घड्याळाचे टोल पडत होते.

स्टेडियम आलं. दार बंद होतं. आत कामगार फलक उतरवत होते. दाराशी राखणदार उभा होता, पिकल्या मिशांचा.

"बाई, संपलं सगळं. बघायला उद्या या."

"बघायला नाही आले. पोचवायला आले." तिला धाप आवरत नव्हती.

"काय पोचवायचंय?"

"बूट."

"इथे बूट घेत नाहीत, बाई."

सिमेलाने त्याच्याशी वाद घातला नाही. दोन पावलं मागे सरली आणि होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून तिने मला दारावरून आत भिरकावलं. मी जन्मात कधी उडालो नव्हतो. आकाश, संगमरवर, पुन्हा आकाश, आणि मग काळ्या धावपट्टीवर मी उताणा आपटलो.

"पाय पोचला!" ती ओरडली. राखणदाराला नव्हे. "ऐकलंस का? पाय पोचला! ज्याचा आहे तो पोरीपाशी बसलाय, तिथेच त्याने बसायला हवं. आता तुझं काम तू कर!" आणि ती दाराशी खाली बसून हुंदके देऊन रडली.

राखणदार आत आला. त्याने मला उचललं, माझा फाटका तळ पाहिला, आतलं रक्त पाहिलं, डहाळी नीट खोचली आणि बाहेर नेऊन तिच्या हातात दिलं.

"वाजले किती?" तिने विचारलं.

त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. "पाचला दोन मिनिटं कमी आहेत, बाई," तो म्हणाला.

बाळाचा ताप मंगळवारी उतरला. कानात काही झालं होतं, औषधाने बरं झालं. डॉक्टरांनी तेवढंच सांगितलं. त्यानंतरच्या सोमवारी प्रोद्रोमोस कोठीत आला. खिळ्यावरून बापाची आरी काढली, टायरचा तुकडा कापला, सोल्यूशनच्या वासाने डोकं धरून बसला आणि पुन्हा उठला. त्याने माझा तळ टाचेपासून टोकापर्यंत शिवला. टाके वाकडेतिकडे आहेत, तीनदा बोटात आरी घुसली. पण शिवण पुरी आहे. अनेस्तिसचा तो सोमवार उगवायला चोवीस वर्षं लागली.

मुलीचं नाव आजीवरून सिमेला ठेवलं. आता ती सात वर्षांची आहे. खोक्यात नव्हे, मी पनागियाच्या तसबिरीखाली फळीवर असतो, डाव्याच्या शेजारी. मुलगी कधी मला उतरवते, आपला इवलासा पाय घालते आणि घरभर खडखडत फिरते. प्रोद्रोमोस टपरीवरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, "दोन मिनिटं राखून पोचला माझा बूट! दोन मिनिटं!" आणि तरीही, तिला साधा खोकला आला तरी तो आधी माझ्याकडे बघतो. तेव्हा मीही मनात थरथरतो.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. आपल्या वस्तू कधीतरी उलट्या करून बघत जा. वरून पुसलेल्या चकाकीवर जाऊ नका. अर्धं राहिलेलं काम सोमवारवर ढकलू नका, कारण त्याचं ओझं तिसऱ्याच कुणाच्या पायावर पडतं. आणि तोंडातून मोठा शब्द काढण्याआधी आपली तयारी किती आहे ते बघा. मेणबत्ती छोटी नसते.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. वाटेत त्या देवळात टोल पडले तेव्हा मी काखेतून मोजले होते. ते पाच होते. तिथून स्टेडियम अजून दूर होतं. सिमेलाने ते मोजले की नाही, मला माहीत नाही. तिने कधी विषय काढला नाही. त्या राखणदाराच्या घड्याळात किती वाजले होते, तेही मी पाहिलेलं नाही. पण तुम्ही कधी नेआ माक्रीला आलात, चौकातल्या टपरीवर थांबलात आणि प्रोद्रोमोसने तुम्हाला दोन मिनिटांची गोष्ट सांगितली, तर माझी शपथ आहे, नुसती मान डोलवा.